वस्ताद स्वतः मैदानात उतरतो तेव्हा

शनिवार, २६ जुलै २०२५, रात्री
इंडियानापोलिस

आज जेवणं झाल्यावर लेकीनं वहीचं एक कोरं पान माझ्यासमोर ठेवलं. "बाबा, आजवरचे सगळ्यात मोठे पाच क्वार्टरबॅक. क्रमानं लिही. आणि खाली सही कर, म्हणजे नंतर फिरवता येणार नाही." क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा डाव चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. तिनं स्वतःचं पान आधीच भरून, घडी घालून ठेवलं होतं. त्यात सगळ्यात वर कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स असणार हे उघडून बघायची गरज नव्हती. अठरा वर्षांची आहे ती, तिला कळायला लागल्यापासून त्याचंच राज्य चाललंय.

मी पेन उचललं आणि नुसताच बसून राहिलो. पंचवीस वर्षं हा खेळ बघतोय, ऑफिसात, मित्रांत, फोनवर तासन् तास वाद घातलेत, पण क्रम कागदावर कधी उतरवला नव्हता. आता अकरा वाजत आलेत, घर झोपलंय, आणि हे लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील तालीम, पेठापेठांतली ईर्षा. ऑगस्ट २००० मध्ये शिकायला पर्ड्यू विद्यापीठात आलो, तेव्हा चेंडू छातीशी धरून पळायच्या खेळाला फुटबॉल का म्हणायचं हेच मला पटत नव्हतं. २८ ऑक्टोबरला खोलीतल्या मित्राकडे एक तिकीट जास्तीचं होतं, म्हणून त्यानं मला रॉस-एड स्टेडियमला ओढून नेलं. समोर ओहायो स्टेट. नियम निम्मेच कळत होते. एवढं कळलं की प्रत्येक डावात चेंडू आधी एका माणसाच्या हातात येतो आणि तो कुणाला द्यायचा हे त्याला तीनेक सेकंदांत ठरवावं लागतं. तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोंची माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात. पर्ड्यूचा तो माणूस म्हणजे काळ्या जर्सीतला, बाकीच्यांपेक्षा बुटका दिसणारा १५ नंबर, ड्रू ब्रीझ.

त्या दिवशी ब्रीझनं चार वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला. चौथी चूक सामना संपायला जेमतेम सव्वादोन मिनिटं असताना झाली आणि त्यावरच ओहायो स्टेट २७-२४ असं पुढे गेलं. माझ्या पुढच्या रांगेतली दोन माणसं कोट चढवून निघाली. मी ब्रीझकडे बघत होतो. बाजूला उभा होता, हेल्मेट हातात, मान वर. पुन्हा चेंडू मिळाला आणि त्यानं ६४ यार्डांचा पास सेथ मोरालेसच्या ओंजळीत टाकला. ३१-२७. शेजारच्या अनोळखी पोरानं मला मिठी मारून उचललंच. त्या विजयाच्या जोरावर पर्ड्यू १९६७ नंतर पहिल्यांदा रोझ बोल या मानाच्या सामन्याला गेलं. मी मात्र त्या संध्याकाळी खोलीवर परतलो तो एकच गोष्ट मनात धरून: चार चुका झालेल्या माणसाचा हात पाचव्या वेळी थरथरला नाही.

शिक्षण संपलं, नोकरी इंडियानापोलिसला लागली आणि इथल्या कोल्ट्स संघात पेटन मॅनिंग होता.

त्याच्याबद्दल लिहायचं तर मला आबांपासून सुरुवात करावी लागते. डिसेंबर २००६ मध्ये लेक झाली तेव्हा आई-आबा सहा महिन्यांसाठी आले होते. २१ जानेवारीचा रविवार, पॅट्रियट्सविरुद्धचा उपांत्य सामना. बाळ आतल्या खोलीत झोपलेलं, स्वयंपाकघरातून अळिवाच्या लाडवांचा वास येतोय, आणि आबा गुडघ्यावर शाल घेऊन टीव्हीसमोर बसलेत. पहिली दहा मिनिटं त्यांचं एकच चाललं होतं, "ह्यात पाय कुठं लावत्यात रं?" मग ते गप्प झाले. मॅनिंग रेषेपाशी उभा होता. डाव सुरू व्हायला काही सेकंद उरलेले, आणि हा डावीकडे धावून कुणाच्या तरी कानाशी ओरडतोय, उजवीकडे बोट दाखवतोय, परत मागे येतोय, मांडीवर थाप मारतोय, एका जागी पाय नाचवतोय. आबा पुढे सरकले. "ह्यो गडी सांगायलाय काय त्यांस्नी?"

मी म्हटलं, "समोरच्यांची मांडणी बघून तो ऐनवेळी डाव बदलतोय."

"मंग ह्यो खेळाडू न्हवं. वस्ताद हाय ह्यो. वस्तादच उतरलाय मातीत."

आम्ही ३-२१ असे मागे होतो. नवऱ्याकडच्या लग्नात बसावं तसे आबा शेवटपर्यंत ताठ बसून होते. शेवटची सव्वादोन मिनिटं उरली तेव्हा ३१-३४, आणि चेंडू आपल्याच २० यार्डांच्या रेषेवर. मॅनिंगनं ८० यार्ड अंतर कापून संघ पलीकडे नेला, अडाईनं शेवटचे तीन यार्ड घुसून पार केले, आणि मग पॅट्रियट्सच्या टॉम ब्रॅडीचा पास मार्लिन जॅक्सननं अडवला. ३८-३४. आबांनी शाल झटकली आणि बाळ उठेल याची पर्वा न करता टाळी वाजवली. दोन आठवड्यांनी मायामीच्या पावसात कोल्ट्सनी बेअर्सना २९-१७ असं हरवून सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला, पण आमच्या घरात खरा सामना तो जानेवारीतलाच.

आबांचा तो 'वस्ताद' शब्द माझ्या मनात पक्का बसला आणि आज क्रम लावताना तोच माझा निकष आहे. १९९४ पासून कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये येतो. डावाच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज तोडला जातो. तिथून पुढे तो माणूस एकटा. त्या १५ सेकंदांत कोण काय करतो, त्यावर मी माणूस जोखतो. कोल्ट्सचे आक्रमणाचे कोच टॉम मूर मॅनिंगला दोन-तीन पर्याय द्यायचे, निवड त्याची. बाकीचे सांगितलेला डाव उत्तम खेळतात, हा डाव रचायचा. म्हणून मॅनिंग पहिला.

आणि वस्ताद किती मोठा होता ते तालीम रिकामी झाल्यावर कळतं. लागोपाठ २०८ सामने खेळल्यावर २०११ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियेमुळे मॅनिंग पूर्ण मोसम बाहेर बसला. आदल्या वर्षी १० सामने जिंकलेला संघ. तो त्या वर्षी लागोपाठ १३ हरला, शेवटी २-१४ वर, म्हणजे दोन विजय आणि चौदा पराभवांवर, थांबला. त्या मोसमातला २३ ऑक्टोबर मी विसरू शकत नाही. न्यू ऑर्लिन्सला सामना होता आणि समोर कोण, तर माझा ब्रीझ. ३५ पैकी ३१ पास अचूक, पाच टचडाउन (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार), ६२-७. रॉस-एडवर मला हा खेळ ज्यानं शिकवला तोच माझ्या गावाचा संघ फाडत होता. मी टीव्ही बंद केला नाही. ब्रीझबद्दल अभिमान आणि मॅनिंगच्या रिकाम्या जागेचं दुःख, दोन्ही एकाच सोफ्यावर बसून भोगलं.

ब्रॅडीचं काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. २००० च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत १९९ वा उचलला गेलेला माणूस सात सुपर बोल जिंकतो, त्यातला एक २८-३ अशा पिछाडीवरून. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याचे विजय ३५, पराभव १३. मॅनिंगचे १४ विजय, १३ पराभव. हे आकडे मला पाठ आहेत, कारण दर जानेवारीत कुणीतरी ते माझ्या तोंडावर फेकतं. माझं म्हणणं एवढंच, की २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रॅडीचा गुडघा गेला तेव्हाही पॅट्रियट्सनी ११ सामने जिंकले. शाळेनंतर एकाही सामन्यात सुरुवातीपासून न खेळलेला मॅट कॅसल तिथं निभावून गेला. ती तालीमच मजबूत होती, वस्ताद बाहेर, कोचच्या जागी, उभे होते. पण मग ब्रॅडी ४३ व्या वर्षी टॅम्पाला गेला. आदल्या वर्षी ७-९ वर अडकलेला संघ त्यानं पहिल्याच वर्षी विजेता केला, तोही महोम्सला ३१-९ असं हरवून. त्या रात्री माझ्या युक्तिवादाची अर्धी हवा गेली आणि ते मी मान्य करतो. म्हणून दुसरा. पहिला नाही, कारण मला सुपर बोल जिंकून मिळालेल्या अंगठ्या मोजायच्या नाहीत, मला तो रेषेवरचा माणूस बघायचाय.

तिसरं नाव मी कधी खेळताना पाहिलं नाही. जॉनी युनायटस. माझ्या पहिल्या ऑफिसात बाल्टिमोरचे एक वयस्क सहकारी होते. ते इथल्या संघाला कधीच कोल्ट्स म्हणायचे नाहीत, "तुमचा संघ" म्हणायचे. मार्च १९८४ मध्ये एका रात्रीत ट्रकमध्ये सामान भरून तो संघ बाल्टिमोरहून इंडियानापोलिसला आणला गेला. ती जखम ते घेऊन जगत होते. दुपारच्या डब्याच्या वेळी ते मला युनायटस सांगायचे: स्टीलर्सनी काढून टाकलेला पोरगा, सामन्याला सहा डॉलरवर अर्धव्यावसायिक संघात खेळणारा, १९५६ मध्ये बाल्टिमोरला आला. २८ डिसेंबर १९५८, यांकी स्टेडियम, जादा वेळेत जायंट्सवर २३-१७. त्या काळी हेल्मेटमध्ये कुणाचाही आवाज नव्हता. डाव तो स्वतः ठरवायचा. सहकारी दोन बोटं टेबलावर चालवून दाखवायचे, कसा तो पाय मागे घेत जायचा, आखूड केस, उंच घोट्याचे काळे बूट, आणि शेवटच्या क्षणापर्यंत चेंडू सोडायचा नाही. लागोपाठ ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन पास हा त्याचा विक्रम ५२ वर्षं टिकला. २०१२ मध्ये मोडला कुणी? ब्रीझनं. ती बातमी त्यांना सांगायला मी फोन केला होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, चांगल्या माणसानं मोडला.

आकड्यांवरून जुन्या-नव्यांची तुलना करणारे मला पटत नाहीत. युनायटसचे १९५९ चे ३२ टचडाउन १२ सामन्यांतले, आणि तेव्हा पास झेलणाऱ्याला बचाव करणारा पूर्ण वाटेत धक्के देऊ शकायचा. १९७८ मध्ये ते पाच यार्डांपुरतं आलं आणि खेळच बदलला. डॅन मरीनोचे १९८४ चे ४८ काय, मॅनिंगचे २०१३ चे ५५ काय, दोन्ही त्यानंतरचे.

चौथा ब्रीझ. सॅन फ्रान्सिस्कोच्या जो मोंटानाच्या वर ब्रीझ लिहिलं तर लेक उद्या भांडणार आहे. २००५ च्या शेवटच्या सामन्यात ब्रीझचा खांदा निखळला, त्याच्यावर पैसा लावायला फार कुणी तयार नव्हतं. तो गेला न्यू ऑर्लिन्सला, कॅटरिना वादळानं उद्ध्वस्त झालेल्या गावात, ३-१३ वर आटोपलेल्या संघात. पहिल्याच वर्षी १०-६. चार वर्षांत सुपर बोल, तोही माझ्या मॅनिंगला हरवून. त्या गावात तो संघापेक्षा बरंच जास्त काही उभं करत होता, आणि ते मी मोजणार.

मोंटाना पाचवा. चार सुपर बोल, चारही जिंकलेले, ११ टचडाउन आणि एकही इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पळवलेला पास, नाही. जानेवारी १९८९ मध्ये बेंगल्सविरुद्ध शेवटच्या तीन मिनिटांत ९२ यार्ड. यापेक्षा देखणा क्वार्टरबॅक झाला नसेल. पण डोकं कोच बिल वॉल्शचं होतं, सुरुवातीचे डाव ते आधीच लिहून ठेवायचे, आणि मोंटाना गेल्यावर स्टीव्ह यंगनं तीच तालीम चालवली.

महोम्सला मी आज कुठंच बसवलेलं नाही. अजून तो खेळतोय. पान त्याच्यासाठी खाली मोकळं ठेवलंय.

सही केली आणि आबांना फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ. ८१ वर्षांचे झालेत, ऐकू कमी येतं.

"कुनाचं नाव घातलंस वर?"

"मॅनिंगचं."

"ते नगं सांगू. वस्तादाचं घातलंस का?"

"तेच ते, आबा."

"हां." थोडं थांबून म्हणाले, "आता तुमच्यात कोन हाय?"

मी मनात मोजत होतो. कोल्ट्सच्या अँड्र्यू लकनं २०१९ च्या ऑगस्टमध्ये अचानक खेळ सोडला, त्यानंतर ब्रिसेट, रिव्हर्स, वेन्ट्झ, रायन, रिचर्डसन. यंदा पुन्हा रिचर्डसन की नवा आलेला जोन्स, ते वेस्टफील्डच्या सरावात ठरतंय. लेक म्हणते, एक दिवस दोघं जाऊन बघू.

"दोघं आहेत, आबा. अजून ठरायचंय."

"बरं. ठरलं की सांग."