आंबेनळी घाटातला कातळ आणि विद्वानांचे भांडण

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यापासून महाबळेश्वरपर्यंत जो काळा कातळ दिसतो, तो थरावर थर साचून थिजलेला लाव्हारस आहे आणि डायनोसॉर कशाने संपले या वादात त्याचे नाव गेली चाळीस वर्षे संशयिताप्रमाणे घेतले जाते.

1980 साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी, फ्रँक असारो व हेलन मिशेल यांच्यासह, इटलीतील गुब्बिओजवळच्या डायनोसॉर संपले त्या काळच्या चिकणमातीच्या पातळ थरात, पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ पण लघुग्रहांत अधिक आढळणाऱ्या इरिडियम या धातूचे प्रमाण असाधारण असल्याचे दाखवून, डायनोसॉर लघुग्रहाच्या आघाताने संपले असे मत मांडले. पुढे 1991 साली मेक्सिकोतील चिक्शुलूबचे विशाल विवर हे त्या आघाताचे म्हणून ओळखले गेले आणि त्या मताला मोठे बळ मिळाले. पण त्याआधी, 1988 साली, भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या लुई अल्वारेझ यांनी जीवाश्मशास्त्रज्ञांची तुलना टपाल तिकिटे जमवणाऱ्यांशी केली, हे मला आजही खटकते. मुद्दा बरोबर असला म्हणून समोरच्याच्या आयुष्यभराच्या कामाला तुच्छ लेखण्याचा अधिकार मिळतो, असे मी मानत नाही.

त्याच काळात पीटर वॉर्ड हे जीवाश्मशास्त्रज्ञ स्पेनमधील सुमायाच्या किनाऱ्यावर अमोनाइट या शंखधारी सागरी प्राण्यांचे जीवाश्म शोधत होते. ते आघाताच्या थराच्या, म्हणजे सीमारेषेच्या, बरेच खाली संपलेले दिसल्यामुळे आघातापूर्वीच हे प्राणी नष्ट झाले असावेत, असे त्यांना प्रथम वाटले. परंतु त्यांनी शोध थांबवला नाही, आसपासच्या किनाऱ्यांवरचे कडे तपासले, तिथे सीमारेषेलगत अमोनाइट सापडले आणि त्यांनी आपले मत बदलले. ज्या चिकाटीला तिकिटे जमवणे म्हणून हिणवले गेले, तिनेच आघाताच्या बाजूला पुरावा दिला.

2019 साली प्रिन्स्टन आणि बर्कलीच्या दोन गटांनी आपल्याच सह्याद्रीतील खडकांची वये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध केली. आंबेनळी घाटाचे नाव ज्या थरसमूहाला मिळाले आहे, तोही त्यात आला. प्रिन्स्टनच्या गटाने लाव्हाप्रवाहांमधल्या तांबड्या थरांतील झिरकॉन या खनिजाच्या कणांचे युरेनियम-शिसे पद्धतीने मापन केले, तर बर्कलीच्या गटाने लाव्हातील खनिजांचे आर्गॉन पद्धतीने. निष्कर्ष जुळले नाहीत: पहिल्याला आघाताच्या थोडे आधी उद्रेकाचा मोठा जोर दिसला, दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हारस आघातानंतर वाहिला. मात्र दोन्ही गटांनी आपली मापने त्रुटींसह उघड मांडली होती, म्हणून 2021 साली प्रिन्स्टनकडच्याच संशोधकांना ती शेजारी ठेवून तपासता आली, आणि मुख्य उद्रेक सुमारे 7 ते 8 लाख वर्षे चालला यावर दोन्ही मापने एकमत असल्याचे त्यांनी नोंदवले.