उनाडक्यांची खोली

विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्याला जरा फावला वेळ मिळाला की तो पॅनेल, म्हणजे पडद्याच्या कडेची बटणांची पट्टी, लावत बसतो. खालचं पॅनेल वर न्यायचं, वरचं डावीकडे, आणि आठवड्याने मुकाट्याने पुन्हा खाली आणायचं. मीही त्यातलीच. पण हे सगळं करून माझं एक मत पक्कं झालंय: मेन्यू लावण्यात काही अर्थ नाही, लावायच्या तर वर्कस्पेस, म्हणजे खिडक्या वाटून ठेवायला एकाच पडद्यामागे असलेले वेगवेगळे पडदे.

मेन्यूचं काय असतं, की प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनची एक छोटीशी ‘डॉट डेस्कटॉप’ फाइल असते. नाव काय, चित्र कुठलं, कुठल्या गटात बसायचं, सगळं त्यात साध्या ओळींत लिहिलेलं. लिबरऑफिस ड्रॉसारखा चित्रं काढायचा एखादा प्रोग्रॅम दोन गट सांगतो आणि ऑफिसमध्येही दिसतो, ग्राफिक्समध्येही. ही फाइल आपल्या होम फोल्डरात आणून बदलली की मेन्यू आपलं ऐकतो, नको ते गायब करता येतं. मजा येते, नाही असं नाही. पण सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबून ‘कॅल’ एवढं टाइप केलं की हिशेबाचा तक्ता समोर येतो, तेव्हा तो कुठल्या कप्प्यात ठेवला होता याच्याशी कोणाला कर्तव्य आहे?

वर्कस्पेसची गोष्ट वेगळी. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक्सएफसीई हा लिनक्सचा डेस्कटॉप आहे. ऑलिव्हिए फूर्दां यांनी १९९६ साली ते सुरू केलं, तेव्हा त्यांच्यासमोर नमुना होता युनिक्सच्या सीडीई या डेस्कटॉपचा. त्या सीडीईच्या खालच्या पट्टीवर चार बटणं असायची: वन, टू, थ्री, फोर. नुसते आकडे म्हणजे सरकारी कपाटच. एक्सएफसीईत नावं देता येतात, देवनागरीतही. म्हणून माझ्या पॅनेलवर ‘मुद्रितं’, ‘हिशेब’, ‘टपाल’ आणि ‘उनाडक्या’ अशी चार बटणं आहेत. चौथ्याचं नाव ‘इतर’ ठेवता आलं असतं, पण स्वतःच्या मशीनवर तरी खोटं कशाला बोला.

खिडक्यांची वाटणी कशी करायची यावर मात्र लोकांचे दोन तट आहेत. एक गट अ‍ॅप्लिकेशनप्रमाणे वाटतो: ब्राउझर पहिल्यावर, मेल दुसऱ्यावर, टर्मिनल तिसऱ्यावर. आय-थ्री हा खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम वापरणारे तर कॉन्फिग फाइलमध्ये तसं लिहूनच ठेवतात, फायरफॉक्स उघडला की आपल्या ठरल्या जागी जाऊन बसतो. दिसायला फार शिस्तशीर. मला ते पटत नाही. पुस्तकाची मुद्रितं तपासताना मला एका बाजूला लेखकाचं हस्तलिखित लागतं, दुसऱ्या बाजूला छापखान्याची पीडीएफ, आणि मागे सनावळी पडताळायला ब्राउझर. ही तिघं तीन ठिकाणी असली तर दर ओळीला मला तीन घरं फिरावी लागणार. खरकटी ताटं, कढया आणि चमचे तीन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून भांडी घासायला बसण्यासारखंच ते.

झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९८६ सालच्या त्यांच्या शोधनिबंधाचं नावच ‘रूम्स’. त्यांचं म्हणणं असं, की पडदा छोटा आणि खिडक्या फार, त्यामुळे माणसाचा वेळ त्या हलवण्यातच जातो. पण नीट पाहिलं तर एका वेळी त्याला एका कामाच्याच मोजक्या खिडक्या लागतात. मग प्रत्येक कामाची एक खोली करा, आणि खोल्यांना दारं ठेवा. कामाची खोली, अ‍ॅप्लिकेशनची नव्हे!

ग्नोम या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांनी २०११ मध्ये वेगळीच तऱ्हा काढली. खोल्या मोजायच्याच नाहीत. शेवटची कायम रिकामी, तिच्यात काही ठेवलं की पुढे आणखी एक उगवते. आधी त्या वरून खाली रचलेल्या होत्या, २०२१ च्या ग्नोम ४० पासून आडव्या झाल्या, आणि त्यावरून बरीच कुरबूर झाली. मला त्यातली उभी-आडवी चालते, पण आपोआप उगवणारी खोली नको. हद्द नसली की माझा पसारा तिथे संसार थाटतो.

एक्सएफसीईची एक खोडी मात्र घरच्यांना त्रास देते. वॉलपेपरच्या मोकळ्या जागेवर माउसचं चाक फिरवलं की वर्कस्पेस बदलते. परवा सासरे विजेचं बिल बघायला बसले होते. चाक फिरलं आणि बिलासकट सगळं नाहीसं.

“अगं, पुसलं गेलं की सगळं! मी कशालाही हात लावलेला नाही हो.”

“बाबा, काही गेलेलं नाही. चाक उलटं फिरवा.”

त्यांनी फिरवलं, बिल परत आलं. मग पुन्हा सुलटं, पुन्हा उलटं. “म्हणजे बिल पलीकडेच होतं?” म्हणाले, आणि त्यानंतर बराच वेळ कुठल्या खोलीत काय आहे ते बघत राहिले. ‘उनाडक्या’त जुन्या नाट्यपदांचा व्हिडिओ थांबवून ठेवलेला होता, तो त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. बिल तसंच राहिलं.

एक प्रश्न ‘रूम्स’वाल्यांनाही पडला होता: प्रत्येक खोलीत लागणाऱ्या वस्तूंचं काय? त्यांनी त्यासाठी ‘पॉकेट’ केलं, त्यात टाकलेली खिडकी हरेक खोलीत हजर. आज टायटल बारवर राइट क्लिक करून ‘सगळ्या वर्कस्पेसवर दाखवा’ असा पर्याय निवडतो, तो त्याच जातीचा. माझ्या खिशात शब्दकोश असतो आणि एक साधी नोंदवही. गाण्यांचा प्लेअरही काही दिवस होता, पण मुद्रितं तपासताना त्याच्याकडे फार नजर जायला लागली. त्याला आता ‘उनाडक्या’त बसवलाय. सासऱ्यांना तो लगेच सापडतो.