फोर्ट विल्यमची डाउनहिल शर्यत : टेपच्या अलीकडे कसं उभं राहायचं

ऑगस्ट २०२३ मध्ये सायकलिंगच्या वेगवेगळ्या प्रकारांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदाच एकत्र भरल्या. मुख्य मुक्काम ग्लासगो, पण माउंटन बाइकच्या डाउनहिल शर्यती, म्हणजे डोंगरावरून एकेकट्याने कमीत कमी वेळात खाली उतरायच्या शर्यती, झाल्या तिथून उत्तरेला, फोर्ट विल्यमजवळ. मी ग्लासगोतच राहतो, पुण्याहून पुतण्या सुट्टीला आला होता, आणि त्याला सायकलचं वेड. त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. इथल्या मराठी मंडळींपैकी काहींनी नंतर विचारलं की अशा शर्यतीला जायचं तर तयारी काय लागते. जागा, गाड्या, कपडे हे सगळं पुढे सांगतोच. पण आधी सांगायचंय ते तिथे वागायचं कसं याबद्दल, कारण या खेळात ते इतर कुठल्याही खेळापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

क्रिकेटच्या मैदानात प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात कुंपण असतं, सीमारेषा असते, पोलीस असतात. डाउनहिलमध्ये बहुतेक ठिकाणी असते ती फक्त प्लॅस्टिकची पट्टी, काठ्यांना गुंडाळलेली. तिच्या पलीकडून हातभर अंतरावरून माणूस ताशी ५० किलोमीटरच्या वर वेगाने दगडांवरून खाली येतो. ती टेप कुणालाच अडवू शकत नाही, ना त्याला ना तुम्हाला. तुम्ही तिला मान दिलात तरच ती भिंत.

फोर्ट विल्यमचा ट्रॅक आओनाख मोर या डोंगराच्या उतारावर आहे. शेजारीच बेन नेव्हिस, १३४५ मीटर, ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर. गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, साधारण ६५० मीटरपर्यंत नेते आणि ट्रॅक तिथूनच जवळून सुरू होऊन पायथ्याशी संपतो. लांबी पावणेतीन किलोमीटरहून थोडी जास्त, उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास. वरचा भाग उघडा, ग्रॅनाइटच्या दगडांचा आणि दलदलीच्या माळाचा. मध्ये झाडी, तिथे मुळं आणि चिखल. शेवटच्या टप्प्याला सगळे ‘मोटरवे’ म्हणतात. तिथे मोठमोठ्या उड्या आहेत आणि त्या संपल्या की थेट फिनिशचं मैदान. २००२ पासून इथे विश्वचषकाच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या आहेत. २००७ ची जागतिक स्पर्धाही इथेच झाली, तेव्हा सॅम हिल आणि साब्रिना जोनिए जिंकले होते. त्यामुळे इथले प्रेक्षक मुरलेले आहेत. कसं वागायचं ते त्यांच्याकडे बघूनच अर्धं कळतं.

पहिली गोष्ट शिट्टीची. ट्रॅकभर थोड्या थोड्या अंतरावर मार्शल उभे असतात, बहुतेक स्वयंसेवक, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पावसात. वरून सायकलस्वार येतोय हे दिसलं की ते शिट्टी वाजवतात. ती ऐकून खालचा मार्शल आपल्या भागातल्या लोकांना मागे सारतो. म्हणजे शिट्टी ही तिथली भाषा आहे आणि ती फक्त त्यांनी बोलायची. लहान मुलांच्या हाती शिट्टी देऊ नका, स्वतःही वाजवू नका. बाकी हवा तेवढा आवाज करा! लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा आणतात, पातेली आणतात, झाड कापायची चेन-सॉ साखळी काढून नुसती घुरघुरवतात. हे सगळं चालतं, खरं तर हवंच असतं. मात्र लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या कानांना लावायला काहीतरी घ्या. झाडीत तो आवाज घुमतो आणि पोरं रडायला लागतात.

आम्ही झाडीतल्या एका वळणापाशी बराच वेळ होतो. तिथली मार्शल एक साठीच्या बाई, हातात पिवळा झेंडा, गळ्यात शिट्टी. टेपला खेटून उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्या हसून एकच गोष्ट सांगत होत्या : वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नका. पुतण्याने विचारलं, “काका, पण तिथून तर सगळ्यात छान दिसतं ना?” दिसतं, आणि नेमकं म्हणूनच तिथे गर्दी होते. पण सायकलची पकड सुटली की ती बहुतेक वेळा वळणाच्या बाहेर फेकली जाते, आत नाही. उडीच्या बाबतीतही तेच, जिथे चाकं टेकतात त्याच्या पुढे आणि बाजूला उभं राहणं म्हणजे धोका अंगावर घेणं. वळणाच्या आतल्या बाजूला, थोडं उंचावर जागा शोधा. थोड्या वेळाने एक स्वार खरोखरच बाहेर घसरला, काठी मोडली, टेप फाटली आणि सायकल बाहेरच्या गवतात जाऊन पडली. त्या गवतात कुणीही नव्हतं. ते त्या बाईंमुळे.

पडलेल्या माणसाकडे धावायचं नाही. आपल्या मनाला हे पटत नाही, रस्त्यावर कुणी पडला की आपण चार जण धावतो आणि ते बरोबरच आहे. इथे मात्र तुम्ही ट्रॅकवर गेलात तर मागून येणारा तुमच्यावर आदळेल. शिवाय पडलेल्याच्या मानेला मार लागला असेल तर त्याला उचलणं, हेल्मेट काढणं यांनी कायमचं नुकसान होऊ शकतं. मार्शल झेंडा दाखवतो, वर रेडिओवरून कळवतो, प्रथमोपचारवाले येतात. लाल झेंडा दिसला की मागच्या स्वाराने थांबायचंच असतं, आणि त्याला पुन्हा वरून उतरण्याची संधी मागता येते. म्हणजे तुमच्या मदतीवाचून शर्यतीची यंत्रणा चालते. मार्शलने हाक मारून काही सांगितलं तरच करा.

पडलेला उठून पुन्हा सायकलवर बसत असेल तर त्याला ढकलूही नका. बाहेरच्या माणसाची मदत नियमात बसत नाही, आणि मायेने दिलेला तो धक्का त्याची धाव बाद करू शकतो. ट्रॅक सोडून बाहेर गेलेल्याला जिथून तो बाहेर पडला तिथूनच परत आत यावं लागतं. तेव्हा त्याची वाट मोकळी करून द्या, बस. आणि ओरडा. पडून उठलेल्यासाठी तिथे जो आवाज होतो तो आघाडीवर असलेल्यासाठीसुद्धा होत नाही.

आणखी एक कळकळीची विनंती. कुणी जखमी होऊन पडला असेल तर मोबाइल खाली ठेवा. घरी त्याची आई, बायको, कुणीतरी थेट प्रक्षेपण बघत असतं. त्यांना बातमी आयोजकांकडून किंवा टीमकडून कळू दे, तुमच्या व्हिडिओतून नको.

ट्रॅक ओलांडायचा असेल तर ठरवून दिलेल्या जागीच, आणि मार्शलने मान हलवल्यावरच. ओलांडताना थांबून फोटो काढायचा नाही. उडीच्या कडेवर किंवा गुळगुळीत दगडावर चिखलाचे बूट ठेवायचे नाहीत. तिथला चिखलाचा एक गोळा खाली येणाऱ्याचं पुढचं चाक सरकवायला पुरेसा असतो. ट्रॅकमधला दगड पाय मारून हलवणं, काठी सरळ करणं हेही आपलं काम नाही. स्वार सराव सुरू होण्याआधी पूर्ण ट्रॅक पायी उतरतात, एकेका दगडापाशी उभं राहून कुठून जायचं ते ठरवतात. तुम्ही सरकवलेला दगड हा त्यांच्या डोक्यातल्या नकाशातला बदल असतो. ते असे चालताना दिसले तर त्यांच्या मधे मधे जाऊ नका. सेल्फीची काठी टेपच्या पलीकडे काढणं आणि फ्लॅश मारणं, दोन्ही नको. ड्रोन तर घरीच ठेवा. अंगावर जॅकेट घातलेले अधिकृत छायाचित्रकार टेपच्या आत दिसतात, ते पाहून ‘मग आम्ही का नाही’ असं वाटतं. पण कुठे बसायचं आणि कुठून पळायचं हे त्यांना माहीत असतं.

खाली पायथ्याशी टीमचे तंबू असतात आणि ही मला या खेळाची सर्वांत लोभस गोष्ट वाटते : जगातले सर्वोत्तम स्वार तुमच्यापासून दहा फुटांवर आपली सायकल पुसताना दिसतात. मेकॅनिक मोकळा असेल तर प्रश्न विचारा, तो आनंदाने बोलेल. पण सायकलला हात लावू नका. ब्रेकची कळसुद्धा उगाच दाबू नका, चाक काढलेलं असताना दाबलेल्या ब्रेकने त्याचं अर्ध्या तासाचं काम वाढतं. स्वार जागच्या जागी पायडल मारत अंग गरम करत असेल, कानात काही लावून बसला असेल, तर त्याला सहीसाठी हाक मारायची नाही. धाव झाल्यावर भेटा. पुतण्याने असंच थांबून एका न्यूझीलंडच्या मुलीची सही टोपीवर घेतली. त्या वर्षी ज्युनिअर मुलींच्या गटात पहिल्या तिन्ही जागा न्यूझीलंडने घेतल्या होत्या, त्यामुळे तो तंबू सगळ्यात आनंदात होता.

अंतिम शर्यतीत क्रम उलटा असतो, सर्वांत वेगवान स्वार शेवटी सुटतो. त्यामुळे बरेच लोक उशिरा येतात आणि सुरुवातीचे स्वार रिकाम्या डोंगरातून उतरतात. असं करू नका, लवकर या. एकेका देशाचा एकटाच आलेला मुलगा असतो, त्याच्या मागे ना टीमचा तंबू ना मेकॅनिक. त्यालाही तोच ट्रॅक, तेच दगड. नाव माहीत नसलं तरी चालतं, मराठीत ओरडलात तरी चालतं. आम्ही “चल, चल, चल!” हेच ओरडत होतो आणि शेजारचं स्कॉटिश कुटुंब थोड्या वेळाने तेच ओरडायला लागलं.

पुरुषांची अंतिम धाव चार्ली हॅटनने जिंकली, इंग्लंडचा पोरगा, म्हणजे घरचाच. साडेचार मिनिटांच्या आत खाली. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस कोल्ब एका सेकंदाहूनही कमी फरकाने दुसरा आला, ब्रिटनचा लॉरी ग्रीनलँड तिसरा. महिलांमध्ये ऑस्ट्रियाची वाली होल पहिली. मला लक्षात राहिलं ते कोल्ब खाली आला तेव्हाचं. हॅटनला धोका असलेला हा माणूस, तरी त्याच्या प्रत्येक उडीला मैदान तितक्याच जोरात ओरडलं. कुणी हुर्यो उडवली नाही. प्रतिस्पर्धी पडावा म्हणून ओरडणारा प्रेक्षक तिथे मला दिसला नाही. जायचं तर हे मनात घेऊनच जायला हवं.

आता व्यवहाराचं. ग्लासगोहून ए-८२ रस्त्याने लॉख लोमंड, रॅनॉख मूर, ग्लेनकोमार्गे अडीच-तीन तास लागतात, शर्यतीच्या दिवशी जास्त धरा. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून रेल्वेही आहे, पावणेचार तासांच्या आसपास, आणि तो मार्ग इतका देखणा आहे की मी तोच सुचवेन. लंडनहून येणाऱ्यांना रात्रीची स्लीपर गाडी थेट फोर्ट विल्यमला सोडते. गावापासून डोंगराचा पायथा साधारण १० किलोमीटर. गाडी घेऊन गेलात तर पार्किंग कुठे आहे ते आधी बघा, आणि रस्त्याकडेच्या गवतात, शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका. तिथून रुग्णवाहिका जावी लागते आणि तिथल्या लोकांचं रोजचं कामही चालू असतं. राहायची जागा काही महिने आधी धरा. गाव लहान आहे.

ऑगस्ट असला तरी रेनकोट, चिखलाचे बूट आणि एक उबदार थर लागतोच. वर ढगात शिरलात की बोटं गार पडतात. छत्री मात्र नको, मागच्याला दिसत नाही आणि वाऱ्यात ती ट्रॅकवर उडू शकते. मिज नावाची बारीक चिलटं वारा पडला की अंगावर तुटून पडतात, त्यांच्यावरचं मलम आणि डोक्यावर घालायची जाळी घ्या. कुत्रा आणलात तर दोरी हातातच ठेवा, टेपखालून धावत गेलेलं कुत्रं म्हणजे अपघातच. आम्ही डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, वरच्या थंडीत ती भारी लागते. कचरा सगळा परत आणा, केळ्याचं सालसुद्धा. त्या थंड, ओल्या मातीत ते लवकर कुजत नाही. पायवाट सोडून माळावर चालू नका, तिथली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, ओली जमीन एकदा तुडवली की भरून यायला फार काळ लागतो.

ज्यांना स्वतः उतरायचंय त्यांच्यासाठी थोडं. सरावात मागून कुणी आवाज दिला तर योग्य जागा बघून वाट द्या, मात्र एकदम ब्रेक मारू नका. पडलात तर सर्वांत आधी स्वतः आणि सायकल ट्रॅकच्या बाहेर, मग खरचटलेलं बघा. ट्रॅकवरून उलट दिशेने वर चालत जाऊ नका. फाटलेली टेप दिसली तर मार्शलला सांगा, ती फाटलेली आहे म्हणून आडवाटेने कापून जाऊ नका.

भारतात असणाऱ्यांनी हा खेळ बघायला युरोप गाठायलाच हवा असं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळात तिरुवनंतपुरमजवळ पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिच्यातही डाउनहिल होती. पुढे जवळपास कुठे अशी शर्यत भरली तर आयोजकांना मार्शल म्हणून नाव द्या. स्वयंसेवक नेहमीच कमी पडतात, दिवसभर उभं राहायची तयारी आणि नजर सतत वर, एवढंच त्याला लागतं. पुतण्याने वय बसलं की नाव द्यायचं ठरवलंय.