व्याधाच्या लेखावर शंभर दिवस: नव्या विकिपीडिया संपादकाची नोंदवही

विकिपीडियावर खातं उघडून आज शंभर दिवस झाले. धूळपाटीवरचे (सरावाच्या पानावरचे) प्रयोग धरून संपादनं दोनशेच्या थोडी वर गेली आहेत. जुन्या सदस्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल. पण जे नुकतेच आत आले आहेत, त्यांना कुठे अडायला होतं ते आधी कळलं तर बरं पडेल, म्हणून वहीतल्या नोंदी जरा सावरून इथे उतरवते आहे.

विषय मी एकच धरला: व्याध तारा. लहानपणापासून आकाश बघायची सवय आहे आणि व्याध ओळखायला सगळ्यांत सोपा. मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे बाण. त्या बाणाची रेघ मागे लांबवत नेली की ती थेट बाण मारणाऱ्यापाशी, व्याधापाशी पोचते. दहा लेखांना एकेक वाक्य जोडण्यापेक्षा एका लेखाशी नीट बसावं, असं ठरवलं. हा निर्णय बरोबर ठरला, असं आज खात्रीने वाटतं.

पहिला आठवडा

सगळा वेळ धूळपाटीवर. दोन बरोबर-चिन्हं म्हणजे मथळा, दोन चौकटी कंस म्हणजे दुवा, दोन महिरपी कंस म्हणजे साचा. यथादृश्य संपादक वापरला तर हे काही दिसत नाही आणि काम सोपं होतं. तरीही मी मुद्दाम स्रोत संपादनच शिकले, कारण माहितीचौकट (लेखाच्या कडेचा ठळक माहितीचा तक्ता) बिघडली की आत काय चाललंय ते तिथेच कळतं. एक महिरपी कंस कमी पडला तर चौकट बनतच नाही, तिचा सगळा कच्चा मजकूर पानावर उघडा पडतो. ‘झलक’ बघितल्याशिवाय जतन करायचं नाही, हा नियम तेव्हापासून पाळते आहे.

चर्चा पानावर चार टिल्डे टाकले की सही उमटते. लेखात सही करायची नसते. मी केली होती आणि कुणीतरी न बोलता काढून टाकली.

सहाव्या दिवशी खऱ्या लेखात पहिला बदल केला: एका शब्दाची वेलांटी. जतन केलं आणि पुढच्या क्षणी पान बदललेलं. ‘विकी’ हा हवाई भाषेतला शब्द, अर्थ झटपट, हे वाचून माहीत होतं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली तेव्हा हे नाव निवडलं. पण त्या नावाचा अर्थ मला त्या एका वेलांटीने समजला. मधे कुणी संपादक नाही, मंजुरी नाही. लिहिलेलं लगेच वाचकासमोर जातं. त्या दिवशी आनंद झाला आणि जबाबदारीचं ओझंही वाटलं.

दिवस ९: उलटवलं गेलेलं वाक्य

मी लिहिलं, ‘व्याध हा आकाशातील सर्वांत मोठा तारा आहे.’ अकरा मिनिटांत बदल उलटवला गेला. संपादन सारांशात एवढंच: ‘सर्वांत तेजस्वी, सर्वांत मोठा नव्हे. संदर्भही नाही.’

मनाला लागलं. रात्री पुन्हा बघितलं तेव्हा कळलं की त्या सदस्याने माझ्या चर्चा पानावर लिहून ठेवलं होतं: ‘नमस्कार. आपला उत्साह पाहून आनंद झाला. व्याध तेजस्वी का दिसतो, हे संदर्भासह लिहिता आलं तर लेखाला फार उपयोग होईल.’ खरं तर ही शाबासकी होती आणि मी ती उशिरा वाचली.

मग शोधायला बसले. व्याधाची त्रिज्या सूर्याच्या पावणेदोन पटींच्या आसपास. मृगातला काक्षी हा तारा सूर्याच्या शेकडो पट मोठा, तरी आपल्याला व्याधापेक्षा फिकाच दिसतो. व्याध तेजस्वी दिसण्याची कारणं दोन: तो मुळात सूर्याच्या सुमारे २५ पट प्रकाश टाकतो आणि जवळ आहे, फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर. ही तीन वाक्यं लिहायला चार संध्याकाळी गेल्या. ती अजून लेखात आहेत.

बदल उलटला गेला की लगेच पुन्हा तोच घालायचा नाही, चर्चा पानावर जायचं. हे नियमांच्या पानावर वाचलं होतं. पण स्वतःचं वाक्य जातं तेव्हाच त्याची गरज कळते.

दिवस १६: एक उणे चिन्ह

माहितीचौकटीत दृश्यप्रत, म्हणजे ताऱ्याचं दिसणारं तेज सांगणारा आकडा, भरली: १.४६. बरोबर आकडा आहे −१.४६. तारकांच्या प्रतींमध्ये आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, आणि व्याध शून्याच्याही खाली जातो. उणे चिन्ह गाळल्यामुळे आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा जवळपास पंधरापट फिका होऊन मघेच्या पंगतीला जाऊन बसला. चूक माझी मलाच दिसली, पण दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांत कुणी तो आकडा उतरवून घेतला असेल का, हा विचार आजही येतो. तेव्हापासून प्रत्येक आकडा जतन केल्यावर मूळ स्रोत बाजूला उघडून पुन्हा ताडून बघते.

चौथा ते सातवा आठवडा: संदर्भ

सगळ्यांत जास्त मी इथे शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्याधाला एक अंधूक जोडीदार आहे, व्याध-ब. त्याच्या शोधाची हकिगत लेखात यावी असं वाटत होतं. खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी १८४४ साली व्याधाच्या गतीतलं डुलणं पाहून अनुमान काढलं की शेजारी न दिसणारं काहीतरी आहे. पुढे ३१ जानेवारी १८६२ रोजी ॲल्व्हन ग्रॅहम क्लार्क हे दुर्बिणीचं नवीन, साडेअठरा इंचांचं भिंग तपासत असताना त्यांना तो जोडीदार प्रत्यक्ष दिसला. मला एका संकेतस्थळावर ही हकिगत छान लिहिलेली सापडली. तीच संदर्भ म्हणून जोडली आणि समाधानाने झोपले.

आठवडाभराने लेखाचा इतिहास उगाच चाळत होते. दुसऱ्या एका भाषेतल्या लेखाची जुनी आवृत्ती उघडली तर तीच वाक्यं, त्याच क्रमाने. आवृत्तीची तारीख संकेतस्थळावरच्या मजकुराच्या चार वर्षं आधीची. म्हणजे त्यांनी विकिपीडियावरून घेतलेलं मी विकिपीडियालाच पुरावा म्हणून दिलं होतं. असा संदर्भ दिसायला भक्कम दिसतो, पण त्याच्याखाली जमीन नसते. तो काढला, ग्रंथालयातून खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक आणलं आणि पृष्ठ क्रमांकासह नव्याने जोडलं.

एवढ्यावर झालं असं वाटलं होतं. पण पुस्तक समोर असल्यामुळेच माझ्या वाक्यातली दुसरी चूक दिसली. मी लिहिलं होतं, ‘१८६२ साली क्लार्क यांनी श्वेत बटू ताऱ्याचा शोध लावला.’ पुस्तकात तसं नाही. १८६२ साली त्यांना एक अंधूक तारा दिसला, बस. तो निराळ्याच जातीचा आहे हे कळायला पन्नासेक वर्षं जावी लागली. १९१५ साली वॉल्टर ॲडम्स यांनी त्याचा वर्णपट घेतला आणि तो लालसर, थंड नसून चांगलाच तप्त आहे असं निघालं. तप्त असूनही इतका अंधूक, म्हणजे आकाराने फार लहान असला पाहिजे. जवळजवळ सूर्याएवढं वस्तुमान आणि आकार पृथ्वीएवढा. अशा ताऱ्याला श्वेत बटू म्हणतात. मी १९१५चं ज्ञान १८६२च्या माणसाच्या हातात दिलं होतं.

संदर्भ खरा, साल खरं, माणूस खरा, आणि तरी वाक्य खोटं. यावर मी बराच वेळ बसून राहिले. स्रोत जेवढं म्हणतो तेवढंच म्हणायचं, अर्धा पाऊलही पुढे नाही. ‘मूळ संशोधन नको’ हा नियम मला आधी फक्त हौशी सिद्धान्त मांडणाऱ्यांसाठी आहे असं वाटायचं. तो माझ्यासारख्या, वाक्य गोळीबंद करायच्या नादात दोन गोष्टी एकत्र चिकटवणाऱ्यांसाठीही आहे.

जाता जाता आणखी एक. ‘थोर खगोलशास्त्रज्ञ बेसेल’ मधला ‘थोर’ मी स्वतःच काढला. मात्र ‘बेसेलने’ऐवजी ‘बेसेल यांनी’ ठेवलं. तटस्थ लिहायचं म्हणजे मराठीतला आदरार्थ सोडायचा असं नाही. विशेषणं गेली तरी ‘यांनी’ राहू शकतं.

दिवस ५३: दिसायला सारखी, आतून वेगळी अक्षरं

लेख अस्तित्वात असूनही माझा दुवा लाल, म्हणजे ‘असं पान नाही’ असं सांगणारा, दिसत होता. शीर्षकात ‘ताऱ्यां’ होतं, मी ‘ताऱ्यां’च लिहिलं होतं, अक्षर न् अक्षर जुळत होतं. अर्धा तास गेला. शेवटी चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विचारलं तेव्हा एका सदस्याने समजावलं.

‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतं. एकात खाली नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्हींचं रूप एकच, संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. तसंच ‘ॲ’चं: एक अखंड अक्षर आहे आणि दुसरं ‘अ’वर चंद्र ठेवून बनवलेलं. त्यामुळे ‘ॲल्व्हन’ शोधून सापडत नाही आणि कुणीतरी तोच लेख पुन्हा तयार करतं.

उपाय सोपा आहे. एक रूप शीर्षकाला ठेवायचं आणि दुसऱ्या रूपाचं पुनर्निर्देशन करायचं, म्हणजे ते रूप शोधणारा आपोआप त्याच लेखावर पोचतो. मी त्या दिवसापासून अशी पुनर्निर्देशनं शोधून शोधून करते आहे. कुणाच्या नजरेला न येणारं काम आहे, पण मला फार आवडतं. नवीन येणाऱ्यांना कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर इथून करा. तारा, वारा, किनारा, झरा: सामान्यरूपात ‘ऱ्या’ येणारे शब्द मराठीत पावलोपावली आहेत.

दिवस ६१ आणि पुढे: एकाच ताऱ्याची दोन नावं

भाषांतराच्या साधनाने एक परिच्छेद आणून बघितला. यंत्राने ‘सफेद बौना तारा’ असं दिलं. ‘बौना’ हिंदी झाला. मराठीत ‘श्वेत बटू’ म्हणतात, ‘श्वेत लघुतारा’ही वापरात आहे. मी ‘श्वेत बटू’ लिहिलं, दुसऱ्या सदस्याने ‘श्वेत लघुतारा’ केलं, मी चर्चा पानावर विचारलं.

ही चर्चा नऊ दिवस चालली आणि मला ती कायम लक्षात राहील. ‘बटू’ शब्द छोटा, लक्षात राहणारा आणि ‘लाल बटू’, ‘तपकिरी बटू’ अशी सगळी मालिका त्याच्यावर बांधता येते, हा माझा मुद्दा. समोरच्यांचं म्हणणं, ‘लघुतारा’ ऐकताच तो तारा आहे हे कळतं, ‘बटू’ शब्दाला समजावून सांगावं लागतं. दोघंही शब्दावर बोलत होतो, माणसावर नाही. शेवटी मुख्य मजकुरात ‘श्वेत बटू’, पहिल्या उल्लेखाला ‘किंवा श्वेत लघुतारा’ आणि दोन्ही नावांनी शोधणारा वाचक एकाच पानावर येईल असं पुनर्निर्देशन, यावर जमलं. त्यांचा मुद्दा योग्य होता, हे मी तिथे लिहिलंही.

भाषांतर करणाऱ्यांसाठी: मूळ कोणत्या भाषेतल्या कोणत्या लेखावरून घेतलं ते संपादन सारांशात लिहा. मजकूर मुक्त परवान्याखाली असला तरी मूळ लेखकांना श्रेय देणं ही त्या परवान्याची अट आहे.

दिवस ७४

कॉमन्सवरून (विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या साठ्यातून) हबल दुर्बिणीने २००३ साली टिपलेलं छायाचित्र जोडलं. मधे लखलखीत व्याध, खाली डावीकडे बारीक ठिपका. पहिला मथळा नुसता ‘व्याध तारा’ होता. वाचक त्या ठिपक्याकडे बघणारही नाही, हे लक्षात आलं आणि मथळ्यात ठिपका कुठे शोधायचा ते लिहिलं. माझ्या मते आजवरचं माझं सर्वांत उपयोगी संपादन हेच.

आज, दिवस १००

निरीक्षणसूचीत (ज्या पानांवरचे बदल मला कळतात त्या यादीत) आता ३१ पानं आहेत. सकाळी उठल्यावर आधी ती बघते. काल क्लार्कांच्या परिच्छेदात एका अनोळखी सदस्याने बदल केलेला दिसला. क्षणभर छातीत धस्स झालं. फरक उघडून बघितला: माझं लांबलचक वाक्य त्यांनी दोनात तोडलं होतं, संदर्भ बरोबर त्या अर्ध्यामागे नेऊन ठेवला होता जिथे तो लागू होतो, आणि ‘दिसून आला’चं ‘दिसला’ केलं होतं. तिन्ही बदल माझ्या वाक्यापेक्षा चांगले. धन्यवाद द्यायची कळ दाबली.

त्याच परिच्छेदात क्लार्कांच्या नावाला मी जोडलेला दुवा अजून लाल आहे. धूळपाटीवर चार ओळी आणि दोन संदर्भ जमले आहेत. त्यांच्या वडिलांचं नावही ॲल्व्हन क्लार्कच, तेही दुर्बिणी बनवणारेच, त्यामुळे आधी निःसंदिग्धीकरणाचं, म्हणजे एकाच नावाच्या दोघांना वेगळं ओळखता येण्याचं, बघावं लागणार. कुणाकडे या बापलेकांच्या भिंगांवर छापील, पृष्ठ क्रमांक देता येईल असं काही असेल तर माझ्या चर्चा पानावर जरूर लिहा.