न खोकणारी मुलगी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी क्षयरोग पर्यवेक्षक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही हातात धरायचं एक्स-रे यंत्र घेऊन गेलो. कापूस वेचणीचे दिवस. रविवारी बऱ्याच पोरी घरच्या वावरात वेचायला जातात, त्यामुळे अर्धं वसतिगृह खोकत होतं आणि कारण सगळ्यांचं एकच, "फुफाटा गेला सर नाकात."

एकीचा खोकला तर थांबतच नव्हता. मैत्रिणी तिला रांगेत पुढं ढकलत होत्या. रांग लावून देत होती तिसऱ्या वर्षाची एक कबड्डी खेळणारी मुलगी, चांगली धट्टीकट्टी. यादीत तिनं स्वतःचं नाव मात्र लिहिलं नव्हतं. "मले काय झालं सर? ना खोकला, ना ताप. आन् लस तं लहानपणीच झाली," म्हणत तिनं डाव्या दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, व्रण दाखवला.

हा व्रण मला सतत कोणी ना कोणी दाखवतं. लहान बाळाला मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ही लस वाचवते, म्हणून ती द्यायलाच हवी. पण मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयाला ती पुरत नाही. तमिळनाडूतल्या चिंगलपट भागात १९६८ पासून लाखो लोकांवर तिची चाचणी झाली, १५ वर्षं पाठपुरावा झाला, तरी मोठ्यांना त्या क्षयापासून संरक्षण मिळाल्याचं दिसलं नाही. आणि खोकल्याचं म्हणाल तर २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत जे रुग्ण सापडले, त्यातले ४२.६ टक्के नुसती लक्षणं विचारून, एक्स-रे काढला नसता तर निसटलेच असते. हे सगळं मी तिला तिथंच सांगितलं. ती हसली आणि यंत्रासमोर उभी राहिली.

खोकणाऱ्या पोरीची छाती स्वच्छ निघाली. हिच्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला सावली होती.

खोकलाच नाही तर बेडका कुठून येणार? दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या गच्चीवर, मोकळ्या हवेत, आमच्या तंत्रज्ञ ताईंनी तिला खोल श्वास घेऊन कसं खाकरायचं ते करून दाखवलं. तोंडातली थुंकी चालत नाही, छातीतून आलेलं पाहिजे. ट्रूनॅट या बेडक्यातले क्षयाचे जंतू शोधणाऱ्या यंत्रावर जंतू सापडले. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देणारे होते, म्हणजे नेहमीचे सहा महिन्यांचे उपचार पुरणार होते. तेवढ्यानं माझ्या जिवात जीव आला. तिनं एवढंच विचारलं, "मंग मले खेलता येईन का सर?"

तिनंच वसतिगृहाच्या मॅडमना सांगितलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "तिला घरी पाठवून देऊ का?" इतर पोरींची जबाबदारी त्यांच्यावर, त्यांची काळजी खोटी नव्हती. पण घरी खोली एकच, त्यात आजा, आईबाप, लहान भाऊ. आणि परीक्षा तोंडावर. मी म्हटलं, औषधं नीट सुरू झाली की दोनेक आठवड्यांत संसर्गाची भीती बरीच उतरते. तेवढे दिवस खिडक्यांची वेगळी खोली द्या, मास्क लावू द्या. ताटवाटी वेगळी करू नका, हा रोग हवेतून पसरतो. खोलीतल्या मैत्रिणींना क्षय नाही याची खात्री करून आम्ही १२ आठवड्यांचं प्रतिबंधक औषध देऊ. मॅडमनी पाहुण्यांची खोली उघडून दिली.

मग तिच्या गावी गेलो. आजा अंगणात बिडी ओढत बसला होता. "हा बिडीचा खोकला हाय साहेब, लय वर्साचा." बेडका तपासला, क्षय निघाला. नात सुटीत आली की त्याच्या खाटेशेजारीच अंथरूण टाकायची.

दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या. पोषणासाठीचे महिना १००० रुपयेही दोघांना लागू झाले.

वसतिगृहाच्या प्रवेश अर्जात रक्तगटाचा रकाना आहे, छातीच्या तपासणीचा नाही. खोकला असो वा नसो, राहायला येणाऱ्या प्रत्येक मुलीचा एक्स-रे प्रवेशाच्या वेळीच व्हावा, असं पत्र मी प्राचार्यांना दिलं आहे. यंत्र घेऊन आम्ही येऊ, तारीख तेवढी कळवा, असंही त्यात लिहिलं आहे.