राजीनामा लिहून देऊ नका, आधी हिशोबाचा कागद मागा

कंपनी तुम्हाला काढत असेल आणि वर तुमच्याकडूनच राजीनामा मागत असेल, तर तो देऊ नका. मला एवढंच सांगायचंय. पण आकडे पाहिल्याशिवाय ते कुणाला पटत नाही, म्हणून माझा हिशोब इथे मांडते.

महापे एमआयडीसीतल्या एका गोदामात मी डिस्पॅचला होते. 11 वर्षं 7 महिने. चलन बनवायचं, ई-वे बिल काढायचं, एलआर म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावत्या फाईलला लावायच्या, गाडी भरली की ड्रायव्हरची सही घ्यायची. 2024 च्या मार्चमध्ये मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं, मालकांनी पसारा भिवंडीला न्यायचं ठरवलं आणि आम्हाला एकेक करून केबिनमध्ये बोलावणं आलं. एचआरचे सर अगदी आपुलकीने बोलत होते. "मॅडम, रेकॉर्डवर टर्मिनेशन आलं तर पुढे नोकरी मिळणं कठीण जातं. तुम्ही राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर आम्ही चांगलं देतो." राजीनामा टाइप करून तयारच होता, खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ. घरी विचारून सांगते म्हणाले आणि कागद घेऊन उठले.

ऐरोलीत आमच्या शेजारी एक काका राहतात. कळव्याच्या एका कारखान्यात ते युनियनचं काम बघायचे. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "तू सोडत्येस की ते काढतायत?"

"ते काढतायत, काका."

"मग राजीनामा कसला देतेस? सगळा पैसा त्या एका शब्दावर आहे."

तो पैसा असा. तेव्हा औद्योगिक विवाद कायदा 1947 चं कलम 25-एफ लागू होतं. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं असेल तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागायची, नाहीतर महिन्याचा पगार. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून, आणि शेवटचे महिने सहाच्या वर गेले तर तेही वर्ष धरायचे. माझा पगार 23,400, म्हणजे 12 वर्षांचे एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. राजीनामा दिला की यातलं काहीच मिळत नाही, कारण मग कागदोपत्री तुम्ही आपणहून गेलात.

मी सही केली नव्हती, तरी फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाचा कागद मेलवर आलाच, राजीनामा धरून बनवलेला. तो कागद अजून जपून ठेवलाय. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: नोटीस पे रिकव्हरी, 23,400. नोटीस कंपनीने द्यायची, ती दिली नाही, आणि वर माझ्याच पगारातून महिना कापला. ती ओळ वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. माझ्याबरोबर हेल्पर होते, लोडर होते. त्यातल्या काहींना तो इंग्रजी कागद वाचताही येत नव्हता, आणि त्यांच्याही कागदावर हीच ओळ होती.

ग्रॅच्युइटीतही, म्हणजे बरीच वर्षं नोकरी केल्याबद्दल सोडताना मिळणाऱ्या रकमेतही, खोट होती. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून माझे 18,200. त्याला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, म्हणजे वर्षाला 10,500. कंपनीने 11 वर्षं धरून 1,15,500 लावले होते. पण सहा महिन्यांच्या वरचा काळ ग्रॅच्युइटीतही पूर्ण वर्ष म्हणून मोजतात, तेव्हा 12 वर्षांचे 1,26,000 होतात. शिल्लक रजा माझ्या स्लिपवर 38 दिवस होती, कागदावर 24. पगाराच्या स्लिपा दर महिन्याला स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवायची सवय होती म्हणून हे दाखवता आलं. कंपनीचा मेल आयडी तर त्याच संध्याकाळी बंद झाला होता.

काकांनी पत्र मराठीतच लिहायला लावलं. "मी राजीनामा दिलेला नाही. माझी सेवा कंपनीने संपुष्टात आणली आहे. नोटीस वेतन, कामावरून कमी केल्याची भरपाई, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचा पगार यांचा ओळवार हिशोब द्यावा." सोबत ग्रॅच्युइटी मागण्याचा अर्ज, फॉर्म आय. दोन्ही रजिस्टर्ड एडीने पाठवलं, पोचपावती फाईलला लावली. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत मालकाने द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं.

उत्तर आलं की मी "असिस्टंट मॅनेजर, डिस्पॅच" असल्यामुळे कामगार या व्याख्येतच बसत नाही. हे उत्तर फार जणांना मिळतं आणि बरेच जण तिथेच गप्प बसतात. गप्प बसू नका. कायदा पदाचं नाव बघत नाही, काम बघतो. माझ्या हाताखाली कुणी नव्हतं, कुणाची रजा मंजूर करायचा मला अधिकार नव्हता, दिवसभर मी चलनं आणि ई-वे बिलंच करायचे. जुन्या ई-वे बिलांच्या प्रती आणि गेटच्या रजिस्टरच्या पानांचे फोटो घेऊन मी ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज दिला. वकील लागला नाही. तारखा पडल्या, कंपनीचा माणूस कधी आला, कधी नाही. पण समोरासमोर बसून ओळ न् ओळ वाचली गेली तेव्हा नोटीस रिकव्हरीचं समर्थन त्यांना करता येईना. शेवटी रिकव्हरी रद्द झाली, नोटीसचा पगार, 12 वर्षांची ग्रॅच्युइटी, 38 दिवसांची रजा आणि भरपाई मिळाली, दोन चेकमध्ये. दुसरा चेक वटल्यावरच मी पूर्ण रक्कम मिळाल्याची सही दिली.

पीएफचं वेगळं बघावं लागतं. कंपनीने डेट ऑफ एक्झिट भरली नाही तर पैसे अडकतात. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपल्याला स्वतः पीएफच्या यूएएन (खाते क्रमांक) पोर्टलवर आधारच्या ओटीपीने भरता येते.

माझं प्रकरण जुन्या कायद्यांखालचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. नोटीस आणि 15 दिवसांच्या भरपाईचं सूत्र औद्योगिक संबंध संहितेतही आहे. वेतन संहितेचं कलम 17 तर फार कामाचं आहे: काढलं असो, कमी केलं असो वा राजीनामा दिला असो, राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. "हिशोब पुढच्या महिन्यात बघू" असं कुणी म्हणालं तर हे कलम लिहून द्या.

आमच्या गोदामातल्या एका लोडर दादाने मात्र पहिल्याच दिवशी सही केली होती. त्याला कागद कुणी वाचून दाखवला नव्हता. त्याचं काम अवघड आहे, कारण राजीनामा दबावाखाली घेतला हे आता त्यालाच सिद्ध करावं लागतंय. पण सगळ्यांचे राजीनामे एकाच दिवसाचे, एकाच मजकुराचे, एकाच प्रिंटरवरचे आहेत, आणि माझा सही न केलेला कागदही त्यातलाच. तो मी त्याच्या फाईलला लावायला दिलाय. पुढच्या तारखेला त्याच्यासोबत मीही जाणार आहे.