पाच नऊ शून्य शून्य शून्य एक

ताईच्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते घालायचं काम माझ्याकडं आलं, घरात अक्षर बरं असलेला मी एकटाच म्हणे. दीडेकशे पाकिटं, आणि प्रत्येकावर एका कोपऱ्यात आपला पत्ता, शेवटी बेळगावचा पिनकोड ५९०००१. तिसाव्या पाकिटापाशी बोटं दुखायला लागली आणि डोकं त्या पिनकोडात अडकलं.

इतकी वर्षं लिहितोय पण त्याच्याकडं कधी संख्या म्हणून बघितलंच नव्हतं. पाच नि नऊ चौदा, एक पंधरा, म्हणजे तीननं भाग जाणार. गेला, आले १९६६६७. आणि मग जे अडलं ते अडलं, सातनं नाही, अकरानं नाही, तेरानं नाही, एका खराब झालेल्या पाकिटाच्या पाठीवर भागाकार करत करत थेट १९३ पर्यंत गेलो तेव्हा कुठं फुटलं बेटं. ३ गुणिले १९३ गुणिले १०१९, तिन्ही मूळ संख्या. कोल्हापूरच्या आत्तीचा ४१६००१ त्यामानानं सरळ, तीननं गेला, तेवीसनं गेला, मग ६०२९ वर गप्प. दोघांत सामाईक काय, तर तेवढा एक तीन. मधल्या निपाणीच्या मामाचा ५९१२३७, त्याला तर नऊनं भाग जातो!

पहिला आकडा इकडं कर्नाटकात पाच, तिकडं महाराष्ट्रात चार. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, आणि ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात कविता करणारे गृहस्थ, हे मला फार आवडतं.

मग कापरेकर आठवले, देवळालीचे शाळामास्तर. चार आकडी संख्या घ्या (चारी अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करा, उत्तराचं परत तेच, जास्तीत जास्त सात वेळा, ६१७४ येणारच. म्हटलं आपल्या सहा आकड्यांना लावून बघू. ९५१००० वजा ०००१५९, आले ९५०८४१. मग ९७०८२१, मग ९७४४२१, सहाव्या पायरीला ४२०८७६, आता थांबेल मग थांबेल म्हणत मी आपला वजाबाक्या करतोय आणि तेराव्या पायरीला परत ४२०८७६ च! म्हणजे सात संख्यांचं रिंगण, त्यातनं बाहेर पडायला वाटच नाही. सीमाभागातल्या माणसाला याचं काय नवल म्हणा, बेळगाव-निपाणी महाराष्ट्रात यावं म्हणून सुप्रीम कोर्टात घातलेला आपला दावा २००४ चा आहे.

तेवढ्यात आई हळदीकुंकवाची वाटी घेऊन आली. "काय करूलालास रे, पत्रिकेवर वजाबाकी? लग्नाच्या कागदावर वजा करू नये, फाड ते." फाडलं. पण आत्तीच्या पाकिटावर चुकून ४२०८७६ लिहून बसलो होतो, ते व्हाइटनर लावून नीट केलं.